टाकीतले १२० लिटर

पाणी मोजून वापरण्याची वेळ आमच्या घरावर आजवर एकदाच आली होती आणि तीही महापुरात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्या वर गेली, शहराला पाणी देणारी उपसा केंद्रे बुडाली आणि नदी दाराशी आलेली असताना नळ मात्र कोरडे पडले. टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभे राहण्याचे ते दिवस सोडले, तर कोल्हापूरकराला पाण्याचा हिशेब ठेवावा लागत नाही. ज्या जिल्ह्यात गगनबावड्याला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्याच जिल्ह्यातल्या शाळेत मी एकतीस वर्षे भूगोल शिकवला. जैसलमेरचे वार्षिक पर्जन्यमान २०० मिलिमीटरच्या आसपास, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिले आणि मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. त्या आकड्याचा अर्थ मला निवृत्तीनंतर, गेल्या जानेवारीत, एका मोटरहोमच्या, म्हणजे आतच राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या, सिंकसमोर उभी असताना कळला.

मोटरहोम आमचे नव्हे. माझ्या यजमानांच्या इचलकरंजीच्या एका मित्राने दोन वर्षांपूर्वी ते घेतले आणि यंदा त्याला सवड नसल्यामुळे कच्छ-जैसलमेरच्या प्रवासासाठी मोठ्या मनाने १९ दिवस आम्हाला दिले. ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली ही गाडी नोंदणी पुस्तकातच मोटर कॅरव्हॅन म्हणून लागलेली आहे. ज्यांच्या मनात साधी ट्रॅव्हलर घेऊन ती एखाद्या गॅरेजमध्ये बदलून घेण्याचा विचार असेल, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की मंजुरीवाचून गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला धरून होत नाही. गाडीत तिघांच्या झोपण्याची जागा, दोन बर्नरची शेगडी, लहान फ्रीज, मैल्याची टाकी बाहेर ओढून रिकामी करता येईल असे छोटे शौचालय, छपरावर ३३० वॉटचे दोन सौर पॅनेल आणि बाकाखाली २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आहे. स्वच्छ पाण्याची टाकी १२० लिटरची आहे. गाडी चालवायला यजमानांचा भाचा सोबत होता. तो उद्यमनगरात वायरिंगची कामे करतो, त्यामुळे गाडीची वीज त्याच्याकडे, रस्ता यजमानांकडे आणि स्वयंपाक व पाणी माझ्याकडे अशी वाटणी झाली.

निघण्यापूर्वी सर्वांत अधिक चर्चा थंडीवर झाली. वाळवंट म्हणजे उष्णता अशी आपली समजूत असते. परंतु कोरडी हवा आणि निरभ्र आकाश यांमुळे तिथली जमीन दिवसभराची ऊब रात्री फार झपाट्याने गमावते, आणि दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो त्याच ठिकाणी पहाटे हात बधिर होतात. यजमानांना गुडघेदुखी असल्यामुळे त्यांनी विजेचा हीटर घ्यायचे जवळजवळ ठरवलेच होते. भाच्याने कागदावर हिशेब मांडला : पूर्ण भरलेल्या बॅटरीत अडीच युनिट वीज असते, हजार वॉटचा हीटर ती अडीच तासांत संपवतो आणि मग सकाळपर्यंत ना दिवा, ना पाण्याचा पंप. हीटर घरीच राहिला. त्याच्या जागी पट्टणकोडोलीहून आणलेली दोन जाड घोंगडी आणि गरम पाण्याच्या तीन रबरी पिशव्या आल्या. घोंगड्याने किती काम केले हे पुढे सांगेन.

पॅनेलची गोष्ट मात्र मला विशेष आवडली, कारण ती माझ्या विषयातली होती. जानेवारीच्या आरंभी कोल्हापुरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ५१ अंश वर येतो. जैसलमेरला तो ४० अंशांच्या आसपासच राहतो. छपरावर आडव्या निजवलेल्या पॅनेलवर किरणे इतकी तिरपी पडतात की भर दुपारीसुद्धा समोरून मिळणाऱ्या उन्हाच्या दोन-तृतीयांशाइतकाच लाभ होतो, शिवाय तिथला हिवाळी दिवसही साडेदहा तासांचाच असतो. भाच्याने एका फॅब्रिकेटरकडून पॅनेलखाली बिजागरीची चौकट करून घेतली, म्हणजे मुक्कामाला पोचल्यावर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून उभे करता येतील आणि निघताना पुन्हा निजवता येतील. या एका चौकटीमुळे संपूर्ण प्रवासात आम्हाला विजेची अडचण आली नाही. वाऱ्याच्या दिवशी तेवढी ती उघडायची नाही.

पाण्यासाठी अशी कोणतीच तयारी आम्ही केली नाही. पिण्यासाठी २० लिटरचे तीन जार वेगळे घेतले आणि टाकीतले १२० लिटर तिघांना चार दिवस पुरतील असे मी मनाशी धरले. रोजचे ३० लिटर, म्हणजे माणशी १०. कागदावर हे पुरेसे दिसते.

२७ डिसेंबरला पहाटे निघून पुणे, मुंबई, वडोदरा, अहमदाबाद या मार्गाने मुक्काम करत आम्ही चौथ्या दिवशी भूजला पोचलो. या चार दिवसांत सांगण्यासारखे काही घडले नाही, कारण महामार्गावर पेट्रोल पंप आणि ढाबे असतात आणि त्यांच्या नळांवर आपण आपल्याही नकळत विसंबतो. सुरजबारीचा पूल ओलांडून कच्छात शिरताना मिठागरांचे पांढरे ढीग दिसू लागले. भूजला टाकी काठोकाठ भरून घेतली, रणात, म्हणजे कच्छच्या मिठाच्या वाळवंटात, जाण्याचा परवाना काढला आणि उत्तरेकडे बन्नीच्या गवताळ पट्ट्यात उतरलो.

बन्नीतल्या एका पाड्यावर वडीलधाऱ्यांची परवानगी विचारून आम्ही गाडी लावली. आपल्याकडे मोटरहोमसाठी राखलेले तळ जवळजवळ नाहीतच, त्यामुळे रोज दुपारी चारच्या आत रात्रीची जागा विचारून पक्की करणे हा या प्रवासाचा नित्यनेमच असतो. पेट्रोल पंपाचे आवार, ढाब्याची मागची बाजू, लॉजचे अंगण किंवा एखाद्या घराचा पडवीसमोरचा तुकडा, असे पर्याय असतात. एकट्या माळावर, निर्जन जागी रात्र काढण्याचा मोह सीमेजवळच्या या प्रदेशात धरू नये. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्यांच्या आवारात भुंगे, म्हणजे मातीची गोल घरे, होती. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात सिमेंटची घरे कोसळली तिथे असे गोल भुंगे पुष्कळ ठिकाणी टिकून राहिले, कारण गोल भिंत हादरा एका कोपऱ्यावर न घेता सर्व अंगाने वाटून घेते. हेही मी वर्गात सांगत असे. त्या भिंतीला हात लावून पाहण्याचा योग आता आला.

पहिल्या रात्री आमच्याकडून दोन चुका होता होता एक झाली. जी झाली नाही ती आधी सांगते, कारण ती जिवावर बेतली असती. रात्री घरच्या आजीने आमची काळजी वाटून निखाऱ्यांनी भरलेली मातीची शेगडी आणून दिली. बन्नीत गांडा बावळ नावाचे परके बाभूळ माजले आहे आणि त्याचा कोळसा तिथे घरोघर असतो. यजमान म्हणाले, दार लावून तासभर आत ठेवू, गुडघे शेकले जातील, मग बाहेर काढू. भाच्याने शेगडी पायरीवरच अडवली. बंद जागेत धगधगत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, माणसाला केवळ गुंगी येते आणि झोप लागल्यासारखा तो जातो. दरवर्षी हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या आपण वाचतो. मोटरहोमची खोली तर आपल्या न्हाणीघरापेक्षा फार मोठी नसते. "मामा, गुडघ्याला घोंगडं बांधा, पण ही आत नको," एवढेच तो म्हणाला. आम्ही शेगडीभोवती बाहेरच बसलो, आजीशी मोडक्या हिंदीत बोललो आणि झोपण्यापूर्वी तिला ती परत दिली. गॅसच्या शेगडीलाही हाच नियम लागू होतो. स्वयंपाक झाला की ती बंद करायची; ऊब मिळावी म्हणून ती कधीही पेटती ठेवायची नाही.

जी चूक झाली ती अशी, की थंडी आत येऊ नये म्हणून आम्ही छपराचा झरोका आणि सर्व खिडक्या घट्ट लावून घेतल्या आणि त्यापूर्वी आतच खिचडी शिजवली. पहाटे माझ्या कपाळावर थेंब पडला. टॉर्च लावून पाहिले तर छपराला घाम फुटला होता, काचांवरून ओघळ येत होते आणि भिंतीकडची चादर ओली झाली होती. तीन माणसांचा रात्रभराचा श्वास आणि खिचडीची वाफ, एवढे सगळे बाष्प थंड पत्र्याला लागून पाणी झाले होते. गादी उचलली तर खालची फळीही दमट. बाहेर तापमापकावर ८ अंश होते, आत १३; परंतु ओल्या पांघरुणात ते १३ अंश बाहेरच्या ८ पेक्षा अधिक बोचत होते. त्यानंतर आम्ही झरोका नेहमी दोन बोटे उघडा ठेवला, स्वयंपाक दिवस मावळण्याआधी दार उघडे टाकून केला आणि सकाळी गाद्या उभ्या करून उन्हाला लावल्या. एक घोंगडे समोरच्या मोठ्या काचेवर आतून टांगले आणि दुसरे जमिनीवर पसरले, कारण मोटरहोममध्ये थंडी काचेतून आणि तळातून येते. लोकर दमट झाली तरी ऊब सोडत नाही, हा धनगराचा अनुभव कच्छातही खरा ठरला.

दुसऱ्या दिवशी पांढरे रण पाहिले. पावसाळ्यात समुद्राचे आणि नद्यांचे पाणी या सपाटीवर पसरते, हिवाळ्यापर्यंत ते आटते आणि मागे मिठाची साय उरते. राजस्थानात अजमेरजवळ उगम पावलेली लुणी नदी बालोतरापर्यंत गोडी राखते, पुढे खारी होते आणि समुद्राला न मिळता याच रणात विरून जाते. तिथे उभे राहून दृष्टी थकेपर्यंत पाहावे. गाडी मात्र रस्त्यावरून खाली घेऊ नये. वरची साय पायाला कडक लागते, तिच्याखाली चिखल असतो, आणि साडेतीन-चार टनांची गाडी त्यात रुतली तर ती ओढायला येणारे वाहनही रुतते.

खावडाहून धोलावीराकडे जाणारा रस्ता रणाच्या पोटातून जातो. दोन्ही बाजूंना पांढरे, मधे काळी रेघ आणि मैलोगणती वळण नाही. त्या रस्त्यावरच दुपारी मी डाळ धुवायला नळ उघडला तेव्हा नळ फुरफुरला, दोनदा उचकी दिल्यासारखा आवाज झाला आणि पाणी थांबले.

भूजहून निघून दोन दिवससुद्धा पूर्ण झाले नव्हते. टाकीच्या मीटरवर पाऊण, अर्धी आणि पाव असे तीन दिवे आहेत. त्यांतला पावचा दिवा अजून लागलेला होता. भाच्याने झाकण उघडून आत पाहिले, टाकी रिकामी होती आणि तरंगणारा गोळा अडकला होता. त्या क्षणी मला जी भीती वाटली ती मी विसरणार नाही. पिण्याच्या जारांत ३५ लिटर पाणी होते, संध्याकाळपर्यंत आम्ही वस्तीला पोचणारच होतो, जिवाला कोणताही धोका नव्हता. तरीही दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत मीठ आणि हातात कोरडा नळ, यांमुळे घशाला खरोखर कोरड पडली.

पाणी गेले कुठे, याचा शोध मी त्या संध्याकाळी धोलावीराच्या एका अतिथिगृहाच्या अंगणात वही घेऊन लावला. गळती नव्हती. पाणी आम्हीच वापरले होते. भांडी धुताना घरच्यासारखी धार सोडून एका वेळेस १२ ते १५ लिटर, तिघांचे दोन वेळचे तोंड धुणे आणि दात घासणे मिळून १० लिटर, तांदूळ-डाळ-भाजी धुण्याचे ६, यजमानांचे 'अंगावर दोन तांबे' म्हणून घेतलेले पाणी १५, शौचालयाचे वेगळे. रोज ६० लिटरच्या वर. यांतली एकही गोष्ट आम्हाला उधळपट्टी वाटली नव्हती. मला वाटते, पाण्याच्या प्रदेशातल्या माणसाचा हात नळावर ज्या सवयीने पडतो ती सवय त्याला स्वतःला दिसत नाही. ती दिसण्यासाठी टाकीला तळ असावा लागतो.

अतिथिगृहाच्या व्यवस्थापकाने नम्रपणे सांगितले की बोअरचे पाणी खारट आहे, वापरायला चालेल, परंतु त्यांच्याकडेही टँकर येतो, तेव्हा अर्धीच टाकी भरावी. आम्ही ६० लिटर घेतले. भाच्याने त्याच रात्री बांबूची एक काठी तासून, बादलीने पाच-पाच लिटर ओतत तिच्यावर खुणा केल्या. त्यानंतर सकाळी आणि रात्री काठी बुडवून आकडा वहीत लिहिणे हे माझे काम झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोलावीराचे अवशेष पाहताना त्या काठीचा विचार माझ्या मनातून जात नव्हता. २०२१ मध्ये जागतिक वारसा ठरलेले हे हडप्पाकालीन नगर मनसर आणि मनहर या दोन पावसाळी ओढ्यांच्या मधे वसले आहे. वर्षातले थोडे दिवस वाहणाऱ्या या ओढ्यांचे पाणी बांध घालून वळवायचे आणि तटबंदीच्या आत खोदलेल्या टाक्यांमध्ये एकामागून एक भरून घ्यायचे, अशी योजना तिथल्या लोकांनी चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी केली. पूर्वेकडची टाकी ७० मीटरहून अधिक लांब आहे आणि तिच्या तळाशी उतरायला पायऱ्या आहेत. मी त्या पायऱ्या नुसत्या पाहत राहिले. पाणी जसजसे उतरेल तसतशी एकेक पायरी उघडी पडणार आणि उतरणाऱ्या प्रत्येक बाईला रोज दिसणार की आज किती उरले आहे. आमच्या बांबूच्या काठीचे काम त्या पायऱ्या शतकानुशतके करत होत्या.

रापरला पोचल्यावर आम्ही गाडीचा तळ सर्व्हिसिंगवाल्याकडे धुऊन घेतला. रणातले मीठ पत्र्याला आणि ब्रेकच्या नळ्यांना लागून राहिले तर महिन्याभरात गंज धरते, म्हणून हे टाळण्यासारखे नव्हते. परंतु पाइपच्या जोरदार धारेखाली दहा मिनिटांत आमच्या चार दिवसांचे पाणी वाहून गेले आणि मला तिथे उभे राहवले नाही.

पुढचा मार्ग सांतलपूर, राधनपूर, थराद, सांचोर आणि बाडमेर. इथे मिठाचे वाळवंट मागे पडते आणि वाळूचे सुरू होते. खेजडीची, म्हणजे आपल्या शमीची, छाटलेली झाडे, रुईची झुडपे आणि मधूनच फोग नावाच्या वाळवंटी झुडपाचे करडे पुंजके दिसू लागतात. रोजचा खर्च तोवर २८ लिटरवर आला होता. नळ आम्ही जवळजवळ बंदच केला. एका तांब्यात पाणी काढायचे आणि ते संपेपर्यंत दुसरा तांब्या भरायचा नाही, हा एक नियम पुरेसा ठरला. ताटे आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्यायची, डाळ-तांदळाचे धुवण ठेवून त्यातच भांड्यांचा पहिला हात द्यायचा, अंघोळीऐवजी ओल्या पंच्याने अंग पुसायचे. हिवाळा असल्यामुळे हे सहज जमते. घाम येत नाही. मात्र कोरड्या थंड हवेत तहान जाणवत नाही आणि पिणे कमी होते, हा धोका तिथे असतो. यजमानांचे डोके दोन दिवस दुखत होते, ते पाणी वाढवल्यावर थांबले. पिण्याच्या पाण्यात काटकसर करायची नाही, असे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले.

जैसलमेरच्या नैऋत्येला खुडीकडे जाताना गाडी वाळूत रुतली. रस्ता एकेरी होता, समोरून ट्रक आला, वाट देण्यासाठी भाच्याने डावी चाके खाली घेतली आणि मागचे चाक बसले. त्याने वेग वाढवून पाहिले. चाक जागच्या जागी फिरून आसापर्यंत खाली गेले. भर दुपार, तापमान २४ अंश, आजूबाजूला कोणी नाही. अर्ध्या तासाने उंटगाडा घेऊन एक गृहस्थ आले. त्यांच्या गाड्यावर प्लॅस्टिकचे दोन रिकामे पिंप होते. ते पाण्यालाच निघाले होते. तोवर आम्ही परातीने वाळू उपसायला लागलो होतो, आणि गाडी हलकी करण्यासाठी टाकीतले ८५ लिटर पाणी सोडून द्यावे असे यजमानांनी सुचवले होते. भाचा तळाच्या तोटीकडे वाकला तेव्हा त्या गृहस्थांनी न बोलता आपला हात तोटीवर ठेवला. मग हिंदीत म्हणाले की वाळूला पाजू नका, पिंपात द्या, शेळ्या पितील.

आम्ही पाइप लावून ते पाणी त्यांच्या पिंपात भरले. खरे सांगायचे तर गाडी पाणी काढल्याने निघाली नाही. त्यांनी टायरांतली हवा कमी करायला लावली. ५५ पीएसआयवरून ३० वर आणल्यावर टायर पसरट झाले, चाकांपुढची वाळू हाताने सपाट करून तिच्यावर आम्ही दुसरे घोंगडे अंथरले, भाच्याने दुसऱ्या गियरमध्ये अगदी सावकाश क्लच सोडला आणि गाडी वर आली. ज्यांना वाळूच्या प्रदेशात जायचे आहे त्यांनी बारा व्होल्टवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवावाच, कारण अशी हवा काढलेली गाडी डांबरावर वेगाने नेली तर टायर तापून फुटतात. शिवाय टायरचा दाब पहाटेच्या गारव्यात तपासावा. दुपारच्या उन्हात वाढलेला दाब पाहून हवा काढली तर दुसऱ्या सकाळी ती कमी भरते. घोंगडे फाटले. त्याचे मला काहीच वाटले नाही.

त्या रात्री आम्ही त्यांच्याच ढाणीवर, कुडाच्या कुंपणापाशी राहिलो. ढाणी म्हणजे शेतावरची दोन-तीन घरांची वस्ती. अंगणात टांका होता : जमिनीत बांधलेले गोल टाके, तोंडावर झाकण आणि सभोवती उताराचे लिंपलेले अंगण, ज्याला ते आगोर म्हणतात. पावसाचा प्रत्येक थेंब त्या उतारावरून टाक्यात जावा म्हणून आगोरावर कोणी चपला घालून चढत नाही आणि शेळ्यांनाही चढू देत नाही. घरची सून संध्याकाळी भांडी घासायला बसली तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिने मूठभर कोरडी वाळू थाळीत टाकली, काथ्याच्या गोळ्याने घासली, वाळू झटकली, पुन्हा नवी वाळू घेतली आणि शेवटी फडक्याने पुसून थाळी माझ्यापुढे धरली. पितळ लखलखत होते. पाण्याचा एक थेंब लागला नव्हता. तिने मला बाजरीचा सोगरा, म्हणजे भाकरी, आणि लसणाची चटणी वाढली. आमच्याकडचा कांदा-लसूण मसाला मी तिला डबाभर दिला आणि तो तिला फार आवडला.

निघताना तिच्या सासूबाईंनी टांक्यातून घडाभर पाणी काढून आमच्या टाकीसाठी पुढे केले. माझ्या मनात ते घेण्याचे धैर्य नव्हते. टांक्यात किती आहे हे मी झाकणातून पाहिले होते, पुढचा पाऊस जुलैत. नाही म्हणणे हा त्यांच्या आतिथ्याचा अपमान झाला असता, म्हणून मी एक तांब्या मागून घेतला, तिथेच उभ्या उभ्या प्यायले आणि पोट भरले असे सांगितले. त्या पाण्याला मातीचा मंद वास होता.

त्या पहाटे तापमापकावर बाहेर ४ अंश होते, आत ११. झरोका उघडा होता आणि छपर कोरडे होते. मी पाचला उठून बाहेर आले. उत्तरेला ध्रुव तारा आपल्या कोल्हापूरपेक्षा दहा अंशांनी वर दिसत होता. अक्षांश म्हणजे काय हे मुलांना समजावताना मी जो आकडा सांगत असे तो डोळ्यांसमोर होता.

पुढचे तीन दिवस आम्ही जैसलमेर शहराजवळच एका लॉजच्या आवारात राहिलो. इंदिरा गांधी कालव्याचे पाणी आता तिथे येते. पंजाबात हरिके येथे, सतलज आणि बियास यांच्या संगमाजवळ उचललेले पाणी ६४९ किलोमीटरच्या कालव्यातून या वाळवंटात आणले आहे. लॉजवाल्यांनी नळी दिली आणि टाकी भरून घ्या म्हणाले. आम्ही ८० लिटरवर थांबलो. कोणी अडवले नव्हते. काठीवर तेवढेच हवे असल्याचे दिसत होते. शौचालयाची टाकी मात्र दर तिसऱ्या दिवशी अशा ठिकाणीच, पक्क्या शौचालयात विचारून रिकामी केली. ही गोष्ट बोलायला अवघड वाटते म्हणून प्रवासवर्णनांत येत नाही, परंतु कोरड्या वाळवंटात काहीही लवकर कुजत नाही, आणि मागे टाकलेली घाण पुढच्या वाटसरूपर्यंत तशीच राहते.

बाडमेर, सांचोर, पालनपूर मार्गे परतताना आमचा खर्च २२ लिटरवर आला होता आणि त्यात कोणाची गैरसोय होत नव्हती. १४ जानेवारीला, संक्रांतीच्या संध्याकाळी, ४,१०० किलोमीटर पूर्ण करून गाडी इचलकरंजीत उभी केली. मित्राला तिळगूळ दिला, फाटलेल्या घोंगड्याची हकीकत सांगितली आणि भाच्याने त्याला काठी कशी बुडवायची ते दाखवले. मीटरचा गोळा त्याने दुरुस्त करून दिला आहे, तरी काठी गाडीतच ठेवा असे मी सांगितले. मार्चमध्ये तो कुटुंबासह हंपीला निघाला आहे. माझ्या वहीतली पाण्याच्या नोंदीची पाने त्याच्या पत्नीने उतरवून घेतली आहेत.